फुफ्फुसाच्या दारातील राखणदार

स्मरणिकेसाठी आपल्या विषयातील नवे काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मला प्रथम आठवला तो एका बापाने विचारलेला प्रश्न. नंदगडला बालरोगतज्ज्ञ म्हणून बसू लागलो त्याला आता पाव शतक होत आले. या काळात पालकांनी विचारलेल्या हजारो प्रश्नांची उत्तरे दिली; काही बरोबर दिली, काही वेळ मारून नेण्यासाठी दिली. या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या प्रकारचे दिले होते, आणि ते पुष्कळ वर्षे मनात सलत राहिले.

हकीकत २००८ सालच्या पावसाळ्यातली. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एका खेड्यातली बाई तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. बाळ सव्वा किलोचे. तासाभरात ते श्वासागणिक कण्हू लागले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. निदानाला क्ष-किरणांची गरज नव्हती. फुफ्फुसे अपुऱ्या दिवसांची होती. प्राणवायू लावून, बाळाला उबदार गुंडाळून आम्ही त्याला मोठ्या शहरातील एका रुग्णालयात पाठविले. तेथे नळीवाटे सरफॅक्टंट दिले गेले. काही तासांतच बाळाचा रंग पालटला आणि तिसऱ्या दिवशी नळीही निघाली. नवव्या दिवशी मात्र बाळ दूध घेईना, अंग गार पडू लागले, श्वास पुन्हा वाढला. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला हा जीवाणू निघाला. तो बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. अकराव्या दिवशी बाळ गेले. तेथील सहकाऱ्यांनी काही कमी केले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही.

पंधरवड्याने बाळाचे वडील कागदपत्रांची फाईल घेऊन दवाखान्यात आले. त्यांना भांडायचे नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टर, औषध थेट फुफ्फुसात सोडलं म्हणून सांगितलासा न्हवं? मग जंतू फुफ्फुसातच कसा शिरला?"

"जंतू फार चिवट होता," मी म्हणालो. त्यांनी मान हलविली, फाईल पिशवीत घातली आणि ते गेले. मी सांगितले ते खोटे नव्हते, पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. त्यांनी जंतूविषयी विचारलेच नव्हते, औषधाविषयी विचारले होते. पुढे वाचन करता करता त्या उत्तराचे धागे हाती लागत गेले, आणि त्यांतला महत्त्वाचा धागा 'प्लाझ्मिड' नावाच्या एका इवल्याशा गोल साखळीपाशी जाऊन पोचला. या लेखाचा विषय तोच आहे.

औषधात काय होते, काय नव्हते

फुफ्फुसातील वायुकोशांना आतून सरफॅक्टंटचा पातळ थर असतो. त्याच्यामुळे पृष्ठताण कमी होतो आणि उच्छ्वासानंतरही वायुकोश मिटून जात नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांत हा थर पुरेसा नसतो, हे मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखविले. त्यानंतर २१ वर्षांनी, १९८० साली, जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसापासून तयार केलेला सरफॅक्टंट १० अर्भकांना देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले. बालरोगशास्त्रात ज्या औषधांनी खरोखर युग बदलले, त्यांत याची गणना करावी लागेल.

निसर्गातल्या सरफॅक्टंटमध्ये सुमारे ९० टक्के स्निग्ध द्रव्ये असतात आणि उरलेला भाग प्रथिनांचा असतो. त्यांतली चार प्रथिने विशेष महत्त्वाची. त्यांना एसपी-ए, एसपी-बी, एसपी-सी आणि एसपी-डी अशी सुटसुटीत नावे आहेत. बी आणि सी ही तेलकट स्वभावाची. स्निग्ध थर भराभर पसरविणे हे त्यांचे काम. ए आणि डी ही पाण्यात विरघळणारी, आणि त्यांचे मुख्य काम श्वासाबरोबर आत आलेल्या जंतूंना ओळखण्याचे.

डुकराच्या किंवा वासराच्या फुफ्फुसापासून औषध बनविताना सेंद्रिय द्रावकांनी अर्क काढतात. तेलात विरघळणारे सारे त्यात उतरते. ए आणि डी मात्र मागे राहून जातात. म्हणजे आपण बाळाच्या फुफ्फुसात जे सोडतो त्यात बी आणि सी असतात, ए आणि डी नसतात. औषधाच्या माहितीपत्रकावर घटक छापलेले असतात. मी ते अनेकदा हाताळले होते, पण या दृष्टीने वाचले नव्हते. त्या बापाचा प्रश्न नेमका येथे लागत होता.

माळ्यावरचा राखणदार

आपल्या भागात रानालगतच्या भातशेतीला रानडुकरांचा उपद्रव नवा नाही. पीक पोटरीला आले की शेतकरी माळ्यावर बसून रात्र जागवितात. माळ्यावरच्या राखणदाराला प्रत्येक डुक्कर व्यक्तिशः ठाऊक नसते. पावलांचा आवाज, धान मोडल्याची सळसळ, एवढ्यावर तो ओळखतो, आरोळी ठोकतो, डबा बडवितो. पोलिसांची रीत निराळी. त्यांच्याकडे विशिष्ट चोराचे छायाचित्र असते, आणि ते मिळवायला आधी एक चोरी व्हावी लागते.

शरीरातही अशा दोन व्यवस्था आहेत. लस टोचून आपण जागी करतो ती दुसरी, म्हणजे अर्जित प्रतिकारशक्ती. ती अचूक असते, परंतु तिला तयारीला दिवस लागतात. पहिली ती उपजत प्रतिकारशक्ती. ती जीवाणूंच्या अंगावरील समान खुणा ओळखते. मानवी पेशींवर नसलेल्या, पण जीवाणूंना टाकता न येणाऱ्या अशा त्या खुणा असतात. अशी ओळख पटविणारे ग्राहक शरीरात असलेच पाहिजेत, असा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली मांडला. १९९६ साली ज्यूल हॉफमन यांच्या गटाने फळमाशीमध्ये 'टोल' या जनुकाचे संरक्षणातील काम दाखविले. १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत टोलसारखाच एक ग्राहक, टीएलआर-४, हा ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाह्य कवचातील अंतर्विष ओळखतो हे सिद्ध केले. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

टीएलआर-४ पेशीच्या पृष्ठभागावर बसलेला असतो. एसपी-डी त्याच्याही पुढे, वायुकोशातील द्रवात मोकळे फिरत असते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तीन साखळ्यांचा पीळ पडून एक दांडा होतो. असे चार दांडे मध्यभागी जोडले जाऊन अधिकच्या चिन्हासारखी आकृती बनते. प्रत्येक दांड्याच्या टोकाला तीन मुठी, म्हणजे एकूण बारा. कॅल्शियमच्या साह्याने या मुठी जीवाणूच्या अंगावरील शर्करा पकडतात. एकेका मुठीची पकड सैल असते, पण बारा मुठींनी एकदम धरल्यावर जीवाणू सुटत नाही. अनेक जीवाणू एकत्र बांधले जाऊन त्यांची गुठळी होते आणि भक्षकपेशींना ती गिळणे सोपे जाते.

गर्भाच्या वयाबरोबर फुफ्फुसातील एसपी-डी वाढत जाते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे ते थोडेच असते. अर्थात हा राखणदार खरोखर किती कामाचा, हे ठरवायचे तर त्याला एकट्याला तपासता आले पाहिजे. फुफ्फुसे धुऊन काढलेल्या द्रवातून किंवा गर्भजलातून ते मिळविता येते, पण अत्यल्प आणि इतर शेकडो प्रथिनांत मिसळलेले. मग परिणाम दिसला तरी तो कोणामुळे, हे सांगणे कठीण. येथे प्लाझ्मिड कामी येते.

एक छोटीशी गोल साखळी

जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत डीएनएची लहान वर्तुळे असू शकतात. त्यांना प्लाझ्मिड हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिले. ई. कोलायच्या मुख्य गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरे असतात. प्रयोगशाळेत वापरावयाच्या प्लाझ्मिडमध्ये बहुधा काही हजारच. मूळ ग्रंथाला जोडलेली ही सुटी पुरवणी म्हणावी, जी एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते.

१९७३ साली स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिड कापून त्यात परके जनुक जोडण्याची आणि ते ई. कोलायमध्ये वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातूनच पुढे मानवी इन्शुलिन आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. आपण बाळांना टोचतो ती हिपॅटायटिस-बीची लस याच घराण्यातली. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये बसवून ती बनवितात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ही लस भारतात तयार करून बाजारात आणली.

एखादे प्रथिन बनवून घेण्यासाठी रचलेल्या प्लाझ्मिडला अभिव्यक्ती प्लाझ्मिड म्हणतात. त्याचे भाग थोडक्यात असे. पहिला, 'येथून नक्कल सुरू करा' अशी खूण. तिच्यामुळे जीवाणू वाढेल तसे प्लाझ्मिडही वाढते. दुसरा, एखाद्या प्रतिजैविकाला विरोध करणारे जनुक. ते प्रतिजैविक माध्यमात घातले की प्लाझ्मिड घेतलेले जीवाणूच तगतात आणि बाकीचे मरतात. तिसरा, प्रवर्तक, म्हणजे विजेच्या बटणासारखा भाग. ठराविक रसायन घातले की पुढचे जनुक वाचले जाऊ लागते. चौथा, आपल्याला हवे ते जनुक. पाचवा, वाचन संपविण्याची खूण. जीवाणूला हे जनुक माणसाचे की स्वतःचे, याच्याशी कर्तव्य नसते. बटण दाबले की तो प्रथिन बनवू लागतो, आणि पोषक माध्यमात वीस मिनिटांत एकाचे दोन होत असल्याने रात्रभरात चंबूभर कारखाने तयार होतात.

येथे एका कटू सत्याची नोंद केली पाहिजे. यांतला दुसरा भाग आपल्याला फार परिचयाचा आहे. अतिदक्षता विभागातील क्लेब्सिएला ज्यांच्या बळावर आपली औषधे निष्प्रभ करतो, ती जनुके बहुतांशी अशाच प्लाझ्मिडवर बसून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. २००९ साली वर्णन झालेले एनडीएम-१ हे कार्बापेनेम गटाची औषधे मोडून टाकणारे जनुकही प्लाझ्मिडवरचेच. ज्या साधनाने शास्त्रज्ञ राखणदाराचा अभ्यास करतात, त्याच साधनाने जंतू आपल्या औषधांना चुकवितो. त्या बाळाच्या रक्तातील जंतूकडे कोणते प्लाझ्मिड होते हे कोणी तपासले नव्हते. परंतु तो इतक्या औषधांना एकदम दाद का देत नव्हता, याचे संभाव्य स्पष्टीकरण हेच आहे.

परळची प्रयोगशाळा

एसपी-डीवरील असे काम आपल्याच मुंबईत, परळला झाले आहे, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन व बाल-आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. तरुणा मदान यांच्या गटाने अनेक वर्षे या प्रथिनाचा अभ्यास केला. त्याआधी दिल्लीत डॉ. उषा सरमा यांच्यासमवेत आणि परदेशातील डॉ. उदय किशोर यांच्या सहकार्याने त्यांनी या कामाचा पाया घातला होता.

या प्रयोगांत एसपी-डीचे संपूर्ण जनुक न घेता त्याचा शेवटचा भाग, म्हणजे दांड्याचा छोटासा तुकडा, मान आणि मूठ एवढाच, प्लाझ्मिडमध्ये बसवितात. त्यामागे व्यवहारी कारण आहे. संपूर्ण दांड्याच्या घडणीसाठी प्रथिनावर काही रासायनिक संस्कार व्हावे लागतात, ते ई. कोलायला जमत नाहीत. तुकडा मात्र जमतो, आणि तीन-तीन तुकडे एकत्र येऊन तीन मुठींचा छोटा राखणदार तयार होतो.

पुढची प्रक्रिया आपल्या स्त्रीवर्गाच्या तूप कढविण्याइतकीच सावधपणे करावी लागते. जीवाणूच्या पेशीत हे प्रथिन इतके भराभर बनते की ते नीट घडी न पडता गोळ्याच्या रूपात साचते. पेशी फोडून तो गोळा युरियात विरघळवितात, नंतर युरिया हळूहळू काढून टाकतात. म्हणजे प्रथिनाची घडी पुन्हा नीट बसते. घाई केली की सारे पुन्हा साकळते. मग माल्टोज ही शर्करा चिकटविलेल्या मण्यांच्या स्तंभातून द्रव सोडतात. कॅल्शियम असताना नीट घडी बसलेल्या मुठी माल्टोज पकडून बसतात, इतर सर्व वाहून जाते. शेवटी ईडीटीए घालतात. आपल्या रक्तचाचणीच्या जांभळ्या बुचाच्या बाटलीत असते तेच हे. ते कॅल्शियम ओढून घेते, मुठी सुटतात आणि शुद्ध प्रथिन खाली येते. म्हणजे शुद्धीकरण आणि कार्यक्षमतेची परीक्षा एकाच वेळी होते. ज्या मुठीला शर्करा धरता येत नाही, ती स्तंभात टिकतच नाही.

एक सापळा मात्र उरतो. प्रथिन बनविणारा ई. कोलाय स्वतः ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे त्याच्या कवचातील अंतर्विष प्रथिनाबरोबर येते. ते तसेच राहिले तर पेशींत दिसलेली प्रतिक्रिया एसपी-डीची की अंतर्विषाची, हे कळणार नाही. म्हणून ते काढून टाकणे आणि किती उरले ते मोजणे, या पायऱ्यांवर निष्कर्षाचा सारा भरवसा असतो. उपजत प्रतिकारशक्तीवरील कोणताही दावा वाचताना हा प्रश्न आधी विचारावा, असे मी सहकाऱ्यांना सुचवीन.

अशा प्रथिनाने काय हाती लागले? उंदरांवरील प्रयोगांत ॲस्परजिलस या बुरशीच्या संसर्गापासून त्याने संरक्षण दिले, हे मदान आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले. जीवाणूंच्या बाबतीत इतर गटांच्या कामातून दिसले, की एसपी-डी ई. कोलायसारख्यांची गुठळी करते, आणि काहींच्या कवचाला भोके पाडून त्यांची वाढ थेट रोखते. क्लेब्सिएलाची गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. त्याच्या अंगावर शर्करेचे जाड आवरण असते. आवरण नसलेल्या क्लेब्सिएलाला एसपी-डी चांगले पकडते. आवरण असलेला बहुधा निसटतो, कारण मुठीने धरायची खूण आवरणाखाली झाकलेली असते. घोंगडे पांघरून शेतात शिरावे तसा तो आत शिरतो. राखणदार असता तर बाळ वाचलेच असते, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

काजव्याचा दिवा

ई. कोलायला जे जमत नाही ते सस्तन प्राण्यांच्या पेशींकडून करून घेता येते. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एचईके-२९३ या पेशी १९७३ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे तयार झाल्या. अशा पेशीवाणांचे जतन आणि वाटप करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आहे.

एचईके-२९३चा मोठा गुण असा, की तिच्याकडे मुळात टीएलआर-४ नसतो. अंतर्विष घातले तरी ती ढिम्म राहते. अशा बहिऱ्या पेशीत प्लाझ्मिडवाटे टीएलआर-४चे जनुक घातले, जोडीला एमडी-२ आणि सीडी-१४ या साहाय्यक प्रथिनांची जनुके दिली, की तिला ऐकू येऊ लागते. तिने ऐकले हे आपल्याला कसे कळावे? त्यासाठी आणखी एक प्लाझ्मिड घालतात. त्यावर काजव्याच्या प्रकाशाचे जनुक असते आणि धोक्याचा निरोप केंद्रकात पोचला की तेवढ्यापुरते ते वाचले जाते. योग्य द्रव्य दिले की पेशी उजळतात आणि यंत्राने तो उजेड मोजता येतो. मृगाच्या तोंडावर आपल्या घाटातली झाडे काजव्यांनी लुकलुकताना पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

या पद्धतीचे बळ वजाबाकीत आहे. एमडी-२चे प्लाझ्मिड गाळले तर उजेड पडत नाही. म्हणजे ते आवश्यक आहे. जनुकातले एकच अक्षर बदलले तर काय होते, हेही पाहता येते. एसपी-डीच्या साखळीत अकराव्या स्थानी काही माणसांत मेथिओनिन असते, काहींत थ्रिओनिन. एवढ्या फरकाने बारा मुठींची पूर्ण रचना किती प्रमाणात जुळते आणि रक्तात एसपी-डी किती आढळते, यांत फरक पडतो. शिवाय एसपी-डी टीएलआर-४ आणि एमडी-२ यांच्या जोडीलाही चिकटते, असे २००८ साली दाखविले गेले. म्हणजे हा राखणदार आरोळी ठोकतो, तसा गरज नसताना गावभर होणारा गोंधळ शांतही करतो. नाजूक फुफ्फुसाच्या दृष्टीने हे दुसरे काम कमी मोलाचे नाही. जंतूइतकीच हानी दाहानेही होते.

बशीतून पाळण्यापर्यंत

प्रयोगशाळेच्या बशीत जे घडते ते पाळण्यातील बाळात घडेलच असे नाही, याचा धडा जगाला देण्यात आपल्या बेळगावच्या मातांचा वाटा आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती संभवत असता आईला स्टेरॉइड देतात. त्याने गर्भाच्या फुफ्फुसाला परिपक्वता येते, आणि प्राण्यांत एसपी-डीच्या जनुकाची अभिव्यक्तीही वाढते. मग ते गावोगाव सर्रास द्यावे काय? सहा देशांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेळगाव आणि नागपूर ही भारतीय केंद्रे होती. तिच्यात लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत; उलट सर्व जन्मांचा विचार करता दर हजारी सुमारे ३.५ मृत्यू अधिक झाले आणि मातांमधील संसर्गाची शंकाही वाढलेली दिसली. स्टेरॉइड संरक्षक प्रथिन वाढविते तसे प्रतिकारशक्तीच्या इतर हातांना आवरही घालते. एका प्रथिनाच्या प्रयोगावरून याचा अंदाज बांधता आला नसता.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत बेळगाव पुन्हा सहभागी झाले. गर्भाचे वय अल्ट्रासाउंडने नीट ठरवून आणि नवजात बाळाची व्यवस्था असलेल्या रुग्णालयातच २,८५२ स्त्रियांची निवड झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात डेक्सामेथासोन गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३.५ टक्के होते. तेच औषध, परंतु योग्य वय, योग्य जागा. २०२३ साली बेळगाव आणि नागपूरचा सहभाग असलेल्या आणखी एका चाचणीचे निकाल आले. २९,२७८ स्त्रियांच्या या चाचणीत प्रसूतीवेळी अझिथ्रोमायसिनची एक मात्रा दिली असता मातेचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही. आईला वाचविणाऱ्या गोळीने बाळाची राखण झाली नाही.

एसपी-डी औषध म्हणून देण्याचा विचार येथूनच अर्थपूर्ण होतो. २००६ साली अपुऱ्या दिवसांच्या कोकरांच्या फुफ्फुसात अंतर्विष सोडून, सरफॅक्टंटबरोबर प्लाझ्मिडच्या तंत्राने बनविलेले मानवी एसपी-डी दिले गेले; त्याने कोकरांतील अंतर्विषजन्य शॉक टळला. त्यानंतर पूर्ण लांबीचे मानवी एसपी-डी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवरील चाचण्यांपर्यंत येऊन पोचले आहे. नित्याचे औषध ते अजून झालेले नाही, आणि वरचे धडे पाहता घाईने व्हावे असेही मी म्हणणार नाही.

पुन्हा तो प्रश्न

तोपर्यंत नंदगडसारख्या ठिकाणी आपल्या हाती काय आहे? गर्भाचे वय वेळेवर आणि नीट नोंदविणे, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची चाहूल लागताच आईलाच, बाळ पोटात असताना, योग्य जागी पाठविणे, बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणे, आईचे दूध, आणि प्रत्येक वेळी हात धुणे. सर्दी-पडशाला प्रतिजैविक न लिहिणे हेही यातच येते, कारण आपण लिहिलेली प्रत्येक अनावश्यक चिठ्ठी कुठल्यातरी जंतूच्या प्लाझ्मिडला पोसते. हे सांगताना मी स्वतःला वगळीत नाही.

ते वडील तीन वर्षांनी दुसऱ्या बाळाला लसीसाठी घेऊन आले. हे बाळ पुऱ्या दिवसांचे, गुटगुटीत होते. लस टोचून झाल्यावर मी त्यांना थांबवून घेतले आणि म्हणालो, "त्या वेळी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी नीट दिलं नव्हतं." मग सांगितले, की ते औषध श्वासासाठी होते, राखणीसाठी नव्हते, राखणदार बाळाकडे स्वतःचा असतो, पण तो यायला दिवस भरावे लागतात, आणि त्याचे भरले नव्हते. वरून जंतू घोंगडे पांघरून आला होता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे आमचं काय चुकलं न्हवतं?"

तीन वर्षे त्यांच्या मनात खरा प्रश्न हा होता. "नाही," मी म्हणालो, "तुमचं काहीच चुकलं नव्हतं." त्यांनी बाळाला खांद्यावर घेतले, टोपडे नीट केले आणि पुढच्या लसीची तारीख विचारली.